हौसानं बसवलेली स्लीव्ह

"हाण, हाण अजून! बेअरिंगं फोडूनच घरी जा!" दस्तगीर मिस्त्री दारातून ओरडले.

मी हातोडा खाली घेतला. लोखंड कातायच्या लेथच्या मागच्या बाजूनं स्पिंडलच्या, म्हणजे त्याच्या फिरत्या आसाच्या, पोकळीत एक जाड सळई घातली होती आणि सकाळपासून तिच्या टोकावर घाव घालत होतो. पुढच्या तोंडात अडकलेली स्लीव्ह केसभरही हलली नव्हती.

"मग काय करू, मिस्त्री? गुरुवारी मल्लाप्पा यंत्र बघायला यायचाय."

"यंत्र बघायला येणार हाय, का बेअरिंगचा चुरा न्यायला?"

मिस्त्री आत आले आणि माझ्या हातातला हातोडा काढून घेऊन त्यांनी तो पाण्याच्या पिंपामागं ठेवला, लहान पोराच्या हातातला विळा काढून ठेवावा तसा. तेव्हा ते सत्तरीच्या पुढं होते. समोरच्या कारखान्याच्या पायरीवर दिवसभर बसून असायचे. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी काम सोडलं होतं, पण उद्यमनगरातल्या आमच्या गल्लीत कुठल्या यंत्राचा आवाज बिघडला की त्यांना मालकाच्या आधी कळायचं.

माझी बायको हौसा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. भाद्रपदातल्या एका बुधवारी दुपारी लेथवर उभी असतानाच तिला चक्कर आली. दवाखान्यात नेलं. शुक्रवारी ती गेली. लेथ त्या बुधवारी बंद झाला तो तसाच. मी कुलूप उघडायचो, झाडून काढायचो, स्टुलावर बसायचो आणि कुलूप लावून घरी जायचो. लेथ खरा तिनंच चालवला होता. मी ऑर्डरी आणायचो, फाउंड्रीतून ओतीव कास्टिंग आणायचो, माल पोचवायचो, आणि तिला उसंत हवी असेल तेव्हा सोपं काम करायचो. फाल्गुन संपत आला तसं मी ठरवलं, यंत्र विकून टाकायचं. गडहिंग्लजच्या मल्लाप्पांना ते हवं होतं. गुऱ्हाळाच्या चरकाचे लांब दांडे त्यांना करायचे होते. लांब दांडा लेथवर धरायचा तर तो स्पिंडलच्या पोकळीतून आरपार जावा लागतो. आणि पोकळीच्या तोंडाशी हौसानं बसवलेली ती स्लीव्ह होती.

स्लीव्ह म्हणजे बाहेरून निमुळती होत गेलेली पोलादी नळी; हिच्या पोटात ड्रिल नाहीतर शाफ्टला टेकू देणारं टोक बसवतात. स्पिंडलचं तोंड आतून तसंच निमुळतं असतं. नळी आत ढकलून हलका ठोका दिला की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. स्क्रू नाही, चावी नाही. नुसतं धरून बसायचं.

"मिस्त्री, तुम्हीच काढून द्या," मी म्हणालो.

"मी न्हाई हात लावत. हौसानं बसवलीया. बसवणारा काढणार."

हा आमच्या गल्लीतला रिवाज. कितीचा ठोका देऊन बसवली हे बसवणाऱ्याच्याच हाताला ठाऊक असतं, म्हणून दुसऱ्यानं बसवलेल्या निमुळत्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. हौसा तर याच्याही पुढं गेली होती. ती मला स्लीव्ह बसवूही द्यायची नाही, काढूही द्यायची नाही. "तुम्ही राहू द्या, मी बघते," एवढंच म्हणायची. एकदा माझे मेहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान, कारखाना बघायला आले होते. त्यांना दाखवावं म्हणून मी स्लीव्ह उचलली, तर तिनं पाहुण्यांच्या देखत ती माझ्या हातातून घेतली. मेहुणे हसले. "मालक कोण म्हणायचं हितं?" त्यानंतर चार दिवस मी तिच्याशी बोललो नव्हतो. पाचव्या दिवशी बोललो, पण ते मनातून गेलं नाही. ती गेल्यावरही गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर यंत्र विकायचं ठरवलं त्यात हाही एक भाग होता. यंत्र तिचं होतं. माझ्यावर तिनं ते कधी सोपवलं नाही. मग मी ते कशाला जपू?

"तशीच दे मल्लाप्पाला," मिस्त्री म्हणाले. "सांग, तुझी तू काढून घे."

"तो घेणार न्हाई."

"न्हाई तर न्हाई. ऱ्हाऊ दे की यंत्र हितंच."

मला त्यांचा राग आला. बोलता बोलता ते स्लीव्हकडं बघायचं टाळत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात शालन जेवणाचा डबा घेऊन आली. शालन माझी एकुलती मुलगी. जयसिंगपूरला दिलेली. मी धड जेवत नाही असं कुणीतरी तिला कळवलं होतं, म्हणून आठ दिवसांसाठी आली होती. तिला यंत्र विकणं पसंत नव्हतं, पण तोंडानं तसं म्हणत नव्हती. तिनं डबा ठेवला, पिंपामागचा हातोडा बघितला, आमची तोंडं बघितली.

"काय झालं, आजा?" ती मिस्त्रींना आजा म्हणायची.

"तुझ्या बापाला तुझ्या आईनं बसवलेली स्लीव्ह काढायचीया. मी म्हणलं, बसवणारा काढणार."

"आणि बसवणारा नसला तर?"

मिस्त्री पिंपाकडं वळले.

"आईला बसवायला शिकवलं कुणी?"

"आता ते कशाला काढतीस?"

"तुम्हीच शिकवलं न्हवं? तिच्या वडलांच्या कारखान्यात. खोक्यावर उभी राहून शिकली म्हणून शंभरदा सांगितलंय मला. मग शिष्य नसला की गुरूनं काढायची. झाला तुमचा रिवाज."

"ही वकील हुयाची ती जयसिंगपुरात भाकऱ्या थापत बसली," मिस्त्री मला म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी दाढी खाजवली. "बरं. पण हाणामारी न्हाई. मी सांगीन तसं. आणि काय निघंल ते निघंल, केरबा. मला बोल लावायचा न्हाई."

काय निघणार, असं मी विचारलं नाही. स्लीव्ह निघेल, दुसरं काय!

त्यांची रीत अशी होती. ठोकायचं नाही, ओढायचं. मागून ठोकलं की सगळा मार बेअरिंगवर बसतो. त्यांनी मला लांब सळईच्या दोन्ही टोकांना आटे पाडायला लावले. ते मी शेजारच्या कारखान्यात जाऊन पाडून आणले, कारण आमच्या लेथचं तोंड बंद होतं. मग एक जाड वायसर, मधे भोक असलेली चकती. स्पिंडलच्या पोकळीतून मागून आत जाईल एवढा लहान, पण स्लीव्हच्या मागच्या कडेला अडेल एवढा मोठा. तो सळईच्या मागच्या टोकाला नटानं अडकवला. सळई मागून घातली, स्लीव्हच्या भोकातून पुढं काढली. पुढं स्पिंडलच्या तोंडावर पाइपचा एक आखूड तुकडा उभा टेकवला, त्यावर भोक पाडलेली पट्टी ठेवली, आणि पट्टीवर नट.

"आता नट आवळ," मिस्त्री म्हणाले. "पाइप स्पिंडलला ढकलतोय आणि सळई स्लीव्हला वढतीया. दोघांचं भांडण दोघांत. बेअरिंगला खबर सुदीक न्हाई."

मी आवळला. पान्ह्याला पाइप लावून आवळला. सळई ताठ झाली, तिच्यावर नख मारलं तर तारेसारखी वाजायला लागली. स्लीव्ह जागची हलली नाही. मंगळवारचा सगळा दिवस असाच गेला. दर तासानं मी नट थोडा फिरवायचो आणि मिस्त्री कान लावून ऐकायचे.

"तुझ्या आईगत हाय," ते शालनला म्हणाले. "वढून हलायची न्हाई."

बुधवारी सकाळी ते म्हणाले, "बर्फ आण."

शालन सरबताच्या गाड्यावरून बर्फाची लादी फोडून पिशवीत घेऊन आली. गाडीवाल्यानं विचारलं म्हणे, कुणाकडं कार्यक्रम हाय? ही म्हणाली, आमच्या लेथला ऊन लागलंय. बर्फाचा चुरा करून आम्ही तो सळईच्या भोवतीनं स्लीव्हच्या पोटात भरला. शालननं स्टोव्हवर पाणी उकळलं, आणि मी फडकी उकळत्या पाण्यात बुडवून स्पिंडलच्या तोंडाभोवती बाहेरून गुंडाळत राहिलो. आतली नळी थंडीनं आकसावी, बाहेरचं तोंड उष्णतेनं फुगावं. हात भाजले. बर्फाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"आता पाव फेरा," मिस्त्री म्हणाले.

मी पान्हा लावला. फिरवला.

ताडकन आवाज झाला. सळई, पाइप, पट्टी आणि स्लीव्ह सगळं मिळून लेथवर अंथरलेल्या पोत्यावर येऊन पडलं. शालन ओरडली आणि हसायला लागली. मी पण हसलो. सात महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन. मिस्त्री मात्र हसले नाहीत. ते जाऊन स्टुलावर बसले.

मी स्लीव्ह उचलली. एका बाजूला तिच्यावर काहीतरी चिकटलं होतं. गंज धरलेलं, तपकिरी. नखानं खरवडलं तर कागद. नवीन बेअरिंग ज्या तेलकट कागदात गुंडाळून येतं, तो कागद. कात्रीनं नीट कापलेला, चंद्रकोरीसारखा. हौसा ते कागद फेकू द्यायची नाही, घडी करून एका डब्यात ठेवायची. मला वाटायचं फळीवर अंथरायला ठेवते.

सात महिन्यांत कागदातलं तेल सुकून त्यानं ओल धरली होती, त्यानं गंज चढला आणि म्हणून स्लीव्ह अडकली होती. पण कागद घातला कशाला? मी स्पिंडलच्या तोंडात बोट घातलं. ते गुळगुळीत असायला हवं. बोटाला एक खोल चर लागला. मग दुसरा. आत गोल ओरखडे पडले होते आणि तोंड एका बाजूनं खाल्लं गेलं होतं. अशा तोंडात स्लीव्ह डुगडुगते, सरळ बसत नाही. ज्या बाजूला खाल्लंय तिथं कागदाची कोर भरून ती सरळ बसवली होती.

"मिस्त्री, हे कधीचं?"

ते चष्मा काढून पुसायला लागले.

"आजा," शालन म्हणाली.

"अकरा वर्साचं."

"कुणी केलं?"

"हौसाच्या बापाला अर्धांग झालं तवा ती म्हायेरी गेली हुती. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत हितं कोण हुतं?"

मीच होतो. मला ते काम आठवलं. कास्टिंगला मोठं भोक पाडायचं होतं. जाड ड्रिल स्लीव्हमध्ये घातलं, स्लीव्ह स्पिंडलमध्ये. आत बारीक चुरा होता, तो पुसायचा राहिला. ड्रिल अडकलं आणि स्लीव्ह आतल्या आत फिरली. दात शिवशिवावेत असा आवाज आला होता. मी लेथ थांबवला, सगळं काढलं, परत घातलं, काम पुरं केलं. आत बघितलंही नाही. नंतर विसरूनही गेलो.

"आली त्याच सांजंला माझ्याकडं आली," मिस्त्री सांगू लागले. "म्हणाली, मिस्त्री, स्पिंडल खाल्लंय. मी येऊन बघितलं. म्हणलं, बोअर करून घे, आतून कातून, चार दिवसांचं काम हाय. तर म्हणाली, चार दिवस लेथ बंद ठेवायचा तर त्यांना कारण सांगावं लागंल. म्हणलं, मग सांग की. न्हाई म्हणाली."

"का?"

"तू गिरणी सोडून तवा वरीस तरी झालं हुतं का? तेलपाण्याची नोकरी सोडलीस, हे यंत्र घेतलंस, आणि रोज उठून बायकोला म्हणायचास, मला हे जमायचं न्हाई. म्हणायचास का न्हाई?"

"म्हणायचो."

"ती म्हणाली, हे कळलं तर उद्या गिरणीच्या दारात जाऊन उभं ऱ्हातील. मग कागदाची युक्ती मीच दाखवली. चार-सहा महिने जाऊ देत, मग सांगू, असं ठरलं. दर शनवारी काढायची, पुसायची, नवा कागद घालून बसवायची. तुला हात लावू देत नव्हती. तुझ्या हाताला ती डुगडुग लागली असती न्हवं."

मी स्लीव्ह पोत्यावर ठेवली.

"अकरा वर्षं, मिस्त्री?"

"मी म्हणलं तिला. दोन-तीनदा म्हणलं. आता सांग, आता केरबा पक्का झालाय, आता काय पळून जात न्हाई. तर म्हणाली, आता तर मुळीच न्हाई. एवढी वर्सं लपवलं म्हणून चार दिवस बोलायचे न्हाईत."

शालननं तोंडाला पदर लावला. ती रडतेय असं मला वाटलं, पण ती हसत होती. मग दोन्ही करायला लागली. माझंही तेच झालं. मिस्त्री छताकडं बघत बसले होते.

गुरुवारी दहाच्या सुमाराला मल्लाप्पा आले. जाडजूड माणूस, खांद्यावर उपरणं, बरोबर एक लांब दांडा घेऊनच आले होते. चहा घेतला. मी त्यांना स्पिंडलचं तोंड दाखवलं.

"हे बघा, मल्लाप्पाण्णा. आतून खाल्लंय. मीच खाल्लंय. स्लीव्ह सरळ बसत नाही."

त्यांनी बोट घालून बघितलं. मग दांडा मागून घातला आणि पुढून बाहेर काढला.

"जातोय की सरळ!" ते म्हणाले. "मला स्लीव्ह कशाला पाहिजे हो? माझं सगळं काम चकवर, जबड्यात दांडा धरून. टेम्पो कधी आणू सांगा."

खोट दिसली की ते माघारी जातील असं मी धरून चाललो होतो. ते जाईनात. शालन चहाच्या कपबशा गोळा करत होती, ती थांबली. मिस्त्री पायरीवर होते, त्यांनी इकडं मान वळवली.

"असं कसं देऊ?" मी म्हणालो. "आधी नीट करतो."

"करा की! नीट करून द्या, आणि बरं. चार दिवसांनी येतो."

"नीट झाल्यावर कशाला देऊ?"

मल्लाप्पांनी माझ्याकडं बघितलं, मिस्त्रींकडं बघितलं. "मिस्त्री, ह्यांस्नी काय झालंय हो? मोडकं देत न्हाईत म्हणतात, आणि नीट केलं तर मुळीच देत न्हाईत म्हणतात."

"उशिरा अक्कल आलीया त्याला," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही चार दिवसांनी तो दांडा घेऊनच या. हितंच करून देईल."

मल्लाप्पा भले माणूस. थोडे चिडले, मग आणखी अर्धा कप चहा घेतला आणि गेले.

दुपारी आम्ही कामाला लागलो. लेथची गंमत अशी की तो स्वतःचं तोंड स्वतः कातू शकतो. स्पिंडल फिरत राहतं, आणि हत्यार सरकवणारी वरची स्लाइड थोडी तिरकी लावून ते त्याच्याच तोंडात घालायचं. तिरकस कोन मात्र अचूक लागतो. तो लावायला मिस्त्रींनी माझा दीड दिवस घेतला. डायलची सुई एवढीशी हलली की म्हणायचे, "परत."

"तुम्हीच लावा ना, मिस्त्री."

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं कागदासारखी थरथरत होती. "ह्या हातानं? फिरव तूच. मी हाय हितं."

पहिला कट घेतला. अगदी केसाएवढा कट. आतून बारीक कुरळा चुरा पडायला लागला. जुने चर पुसट झाले. दुसऱ्या कटानंतर त्यांतला एकच उरला, पाचव्या कटाला तोही गेला. मग स्लीव्हला निळा रंग लावून आत घातली आणि काढून बघितली. रंग सगळीकडं सारखा पुसला गेला होता, म्हणजे ती सगळ्या अंगानं टेकत होती. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर घेऊन ती उजेडात फिरवून फिरवून बघितली आणि माझ्या हातात परत दिली. शालन त्याच संध्याकाळी जयसिंगपूरला गेली. जाताना म्हणाली, "आप्पा, जेवत जा. नाहीतर परत येईन."

दुसऱ्या आठवड्यात कागलकडचे तातोबा आले. वर्षातून एकदा-दोनदा यायचे, विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट पोत्यात गुंडाळून. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि ते आत डोकावले.

"बाई हायत न्हवं?"

हा प्रश्न आधीही पुष्कळांनी विचारला होता. दर वेळी मी मिस्त्रींकडं बघायचो आणि मिस्त्री सांगायचे. या वेळी ते पायरीवर नव्हते, नमाजाला गेले होते.

"ती गेली," मी म्हणालो. "भादव्यात गेली. हितंच काम करताना चक्कर आली."

तातोबांनी डोक्यावरचा पटका काढला आणि तो गुडघ्यावर ठेवून ते उंबऱ्यावरच बसले. मग पोतं उचलायला वाकले.

"बाई केसाचा फरक ठिवत नव्हत्या," ते म्हणाले. "डोळं झाकून न्यावं असं काम. आता कुठं तरी बघतो दुसरीकडं."

"बघा. पण आधी पोतं सोडा. बघू तरी काय झालंय ते."

त्यांनी पोतं सोडलं. बेअरिंगची जागा झिजली होती, बाकी शाफ्ट चांगला होता. मी तो हातात घेऊन फिरवला.

"होईल," मी म्हणालो. "मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागेल. संध्याकाळपर्यंत थांबायची तयारी आहे का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग लेथकडं. मग पटका परत डोक्याला बांधला आणि स्टूल ओढून घेतलं.

"थांबतो," ते म्हणाले.

मी फडकं घेतलं आणि स्पिंडलचं तोंड आतून पुसलं. बोट फिरवून बघितलं. परत एकदा पुसलं. मग स्लीव्ह हातात घेतली.